मालिकांची शीर्षकगीतं : नुसती आठवण, की अजूनही कामाची?

रानजाई
मंडळी, जुन्या मालिकांच्या शीर्षकगीतांवर धागे भरपूर निघतात, पण ते बहुतेक 'ओळखा पाहू' नाहीतर 'गेले ते दिवस' या वळणाचे. मला वेगळं विचारायचंय. यातलं एखादं गाणं तुम्ही आजही वापरता का? म्हणजे काम अडलंय, अंगात आळस भरलाय, धीर सुटत चाललाय, अशा वेळी मुद्दाम लावता किंवा नकळत तोंडात येतं, आणि त्याने खरंच फरक पडतो, असं?

विचारायचं कारण असं. मी एका पतसंस्थेत हिशेब बघते. मार्चअखेरीला ताळेबंद जुळेना, रात्रीचे नऊ वाजून गेले, आणि माझ्या तोंडून 'बीज अंकुरे अंकुरे' सुरू झालं. शेजारी नवीन लागलेली मुलगी होती. म्हणाली, "मॅडम, हा कुठला अभंग?" अभंग! तिला 'गोट्या' मालिका माहीत नाही, ना. धों. ताम्हनकर माहीत नाहीत. पण दुसऱ्या दिवशी तीच ते गुणगुणत व्हाउचरं लावत बसली होती. तेव्हापासून डोक्यात आहे, की जादू गाण्यात आहे की माझ्या वयात?

अट एकच. 'आमच्या वेळी असं नव्हतं' एवढंच लिहून पसार व्हायचं नाही. कुठलं गाणं, त्यातलं नेमकं काय, आणि कशाला उपयोगी पडलं, ते लिहा.

शेवटचाबाक
पहिला नंबर माझा! 'जंगल जंगल बात चली है'. उपयोग : अंघोळीनंतर घरभर नागडं पळणाऱ्या पोराला चड्डी घालायला लावणे. बापाच्या आवाजाने होत नाही ते गुलजारांच्या एका ओळीने होतं.

खडीसाखर
ठ्ठो! आणि तरीही ऐकलं नाही तर शेर खानचा आवाज काढायचा. हिंदीत तो नाना पाटेकरांनी दिला होता. म्हणजे लाडाची आणि धाकाची, दोन्ही सोयी एकाच मालिकेत.

अँटेना
ताई, धागा आवडला. माझं उत्तर मालिका सुरू व्हायच्याही आधीचं आहे. दूरदर्शनची धून. पंडित रविशंकर आणि शहनाईवाले उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांची, १९७६ पासूनची. ते दोन वाकडे आकार गोल फिरत फिरत जवळ यायचे आणि मध्ये गोळा धरून बसायचे, ती.

माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत आधी आवाज यायचा, नळी तापली की मग चित्र. संध्याकाळी प्रक्षेपण सुरू व्हायच्या वेळेला दुरुस्त केलेला सेट लावायचो. पडदा काळाच असायचा आणि मागून ती धून यायची. हातात टेस्टर, गिऱ्हाईक काउंटरला टेकून उभं, 'झाला का हो?' विचारत. चित्र येईपर्यंतचे ते काही सेकंद फार लांब वाटायचे, पण आवाज स्वच्छ आला म्हणजे निम्मी लढाई जिंकली.

आता त्याच दुकानात मोबाइलची कव्हरं आणि चार्जर विकतो. तरी एखादं किचकट काम हातावेगळं झालं की तोंडातून तीच धून निघते. बायको म्हणते, कार्यक्रम सुरू करा आता एकदाचा.

पावशेर
मी विरोधी सूर लावतो, राग मानू नका. गाण्यात काही नाही हो. रविवारची सकाळ, शाळेला सुट्टी, घरात भज्यांचा वास आणि आईवडील दोघेही धडधाकट. हे सगळं त्या गाण्याला चिकटलेलं आहे. गाण्याला फुकटचं श्रेय मिळतंय. मानसशास्त्रात याला 'रेमिनिसन्स बम्प' असं नावही आहे. दहा ते तीस या वयातलं माणसाला जास्त आठवतं, आणि जे आठवतं ते थोर वाटतं. उद्या आजच्या पोरांना आजच्या मालिकांच्या टुकार गाण्यांनी हुंदका येणार आहे, लिहून ठेवा.

मधलीसुट्टी
पावशेर आले, आता धागा शंभरी गाठणार. मी शेंगदाणे घेऊन बसलोय.

रानजाई
@पावशेर, मुद्दा ठीक आहे. मग माझ्या ऑफिसातल्या त्या मुलीचं काय? तिच्याकडे रविवारही नाही आणि भजीही नाहीत. तिला ते गाणं का चिकटलं?

पावशेर
वरिष्ठ मॅडम गुणगुणताहेत म्हटल्यावर चिकटणारच. पगारवाढ जवळ आली असेल. (हलके घ्या.)

तबलजी
पावशेरांचं निम्मं खरं आहे. उरलेल्या निम्म्याबद्दल लिहितो, कारण माझं आयुष्य गाणाऱ्यांच्या मागे बसण्यात गेलं.

'बीज अंकुरे' मधुकर आरकडे यांनी लिहिलं, चाल अशोक पत्कींची, आवाज अरुण इंगळे यांचा. आता पत्की कुठून आले ते बघा. त्यांनी जाहिरातींच्या जिंगल्स ढिगाने केल्यात. जिंगलमध्ये अर्ध्या मिनिटाच्या आत सुरुवात, मधला भाग आणि शेवट सगळं उरकायचं असतं, शिवाय ऐकणारा तुमच्याकडे लक्ष देत नसतो. तो भाजी निवडत असतो. त्याला दुसऱ्या खोलीतून ओढून आणायचं. शीर्षकगीताचंही काम तंतोतंत हेच. म्हणून पहिल्याच ओळीत सगळं हत्यार बाहेर काढतात. 'आभाळमाया' आणि 'वादळवाट' ही दोन्हीही पत्कींचीच, शब्द मंगेश कुळकर्णींचे, गायल्या देवकी पंडित. एकाच त्रिकुटाची दोन गाणी एवढी टिकतात तेव्हा नुसत्या भज्यांच्या वासाने काम भागत नाही, पावशेर.

आणि एक गोष्ट. 'बीज अंकुरे'त मालिकेतल्या कुणाचंही नाव नाही. गोट्या नाही, त्याचं घर नाही, शाळा नाही. बी आहे, माती आहे आणि खडक आहे. म्हणून ते पतसंस्थेतही चालतं.

वाळवण
'आभाळमाया'बद्दल तबलजींनी लिहिलंच आहे, म्हणून धीर करून लिहिते.

मालिका १९९९ ची, अल्फा मराठी नुकतंच सुरू झालेलं. त्याच सुमारास आमच्या घरी आईबाबांची कोर्टात केस चालू होती. घरात मोठ्याने बोलायची सोय नव्हती. पडद्यावर सुधा जोशी नवऱ्याच्या दुसऱ्या संसाराचं कळल्यावरही नोकरी, मुली, घर सगळं ओढत होती. आई ती मालिका उभ्यानेच बघायची, ओट्याला टेकून. बसली तर कुणीतरी 'बघत बसलीय' म्हणेल म्हणून.

कथेत कोण कुणाला काय म्हणालं ते मी विसरले. गाणं राहिलं. त्याची बांधणी बघा, प्रत्येक तुकडा एवढाएवढासाच : जडतो तो जीव, लागते ती आस. जणू कुणी शब्दकोश वाचून दाखवतंय. कुणावर आरोप नाही, कुणाची बाजू घेतलेली नाही. 'सुटतो तो संग' एवढंच आई भांडी घासताना म्हणायची. रडायची नाही, नुसती म्हणायची. पुढे तारखेला जाताना रिक्षात मीही मनात तेच म्हणत होते. त्याने उमेद आली असं नाही म्हणणार. पण रिक्षातून उतरून कोर्टाच्या पायऱ्या चढता आल्या.

खडीसाखर
वाळवणताई, __/\__

कोकमसरबत
वाळवण, तुमच्या प्रतिसादानंतर थोडा वेळ काही लिहू नये असं वाटत होतं, पण धागा पुढे जायला हवा म्हणून हलकंफुलकं लिहिते. 'चार दिवस सासूचे'. २००१ ला सुरू झाली, २०१३ ला संपली. चार दिवस सांगून अकरा वर्षं! ज्यांना दिलेली मुदत पाळता येत नाही अशा सगळ्या कंत्राटदारांना आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांना यापेक्षा मोठी प्रेरणा कुठली?

थिसिसग्रस्त
मला नाव घेऊन बोलायचं ना सरळ.

मधलीसुट्टी
माझं महाभारत. गाणं नाही, त्यातला आवाज. मोबाइलच्या अलार्मला हरीश भिमाणींचं 'मैं समय हूँ' लावलंय. पहाटे साडेपाचला काळ्याकुट्ट अंधारात तो आवाज येतो. चिडून उठतो, पण उठतो. बायकोने अल्टिमेटम दिलाय, एकतर समय राहील नाहीतर मी.

ओटीवरचाआजोबा
महाभारताचा विषय निघालाय म्हणून. १९८८ च्या गांधीजयंतीला सुरू झालं ते. 'अथ श्री महाभारत कथा' पं. नरेंद्र शर्मांनी लिहिलेलं, संगीत राजकमल यांचं, गायलं महेंद्र कपूर यांनी. आमच्या गावात त्या काळी गंमत अशी होती, की रविवारी सकाळी महेंद्र कपूर टीव्हीवर धर्म सांगायचे आणि रात्री जत्रेच्या पडद्यावर दादा कोंडक्यांच्या तोंडून गायचे. आवाज तोच! आमचा एक मित्र डोळे मिटून म्हणायचा, "आता हे पुरुषार्थाचं चाललंय की दुसऱ्याच कशाचं, ते चित्र बघितल्याशिवाय सांगता येणार नाही."

शेवटचाबाक
आजोबा रॉक्स! आता मला ते गाणं पुन्हा कधीच सरळ ऐकू येणार नाही.

संत्रानगरी
सगळे खाजगी वाहिन्यांवर घसरले. दूरदर्शनवर 'महाश्वेता' होती, सुमती क्षेत्रमाडे यांच्या कादंबरीवरची. तिचं शीर्षकगीत होतं 'भय इथले संपत नाही'. आमच्या नागपूरच्या ग्रेसांची कविता, चाल हृदयनाथांची, आवाज लताबाईंचा. आता सांगा, संध्याकाळी चहा पिता पिता घराघरात ग्रेस पोहोचवायची हिंमत आज कोण करेल? ग्रेस दुर्बोध आहेत म्हणून वर्गात ओरडणारी पोरं घरी जाऊन तेच पाठ म्हणायची.

पावशेर
संत्रानगरी, गाणं महान आहे, वादच नाही. पण ताईंनी विचारलंय उमेद देणारं. तुम्ही आणलंत भयाचं. पहिल्याच ओळीत 'संपत नाही' म्हणणारं गाणं ऐकून कुणाला कसली उमेद येणार?

निशिगंध
मला येते. मी आयसीयूत नर्स आहे.

रात्रपाळीत तीन ते पाच ही वेळ वाईट. मॉनिटरचे आवाज, बाहेर बाकावर पेशंटचे नातेवाईक वाकडेतिकडे झोपलेले, आणि आपल्याला बसायची परवानगी असली तरी बसलं की डोळा लागतो. अशा वेळी कुणी 'सगळं छान होईल' छापाचं गाणं म्हटलं तर मला खरंच राग येतो. सगळं छान होणार नसतं, हे आम्हाला चार्टवर दिसत असतं. 'भय इथले संपत नाही' हे मी ड्रिपचे थेंब मोजताना ओठांतल्या ओठांत म्हणते. ते गाणं खोटं बोलत नाही. भय आहे, ठीक आहे, आठवणही आहे, आणि संध्याकाळी कुणीतरी शिकवलेली गाणीही आहेत. मग पुढच्या बेडकडे जाता येतं.

लताबाईंचा आवाज तिथे कुठेही चढून 'बघा किती दुःख' असं करत नाही, हेही आहे. आमच्या कामात आवाज चढवणारं माणूस उपयोगाचं नसतं.

पावशेर
निशिगंध, तुमच्यापुढे वाद घालत नाही. तुमच्या पेशंटांना बरं वाटो.

मधलीसुट्टी
पावशेर गप्प झाले! कुणीतरी स्क्रीनशॉट काढून ठेवा.

इतिहासाचातास
मी लातूरकडे माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. माझं गाणं 'भारत एक खोज'चं.

श्याम बेनेगल यांची मालिका, १९८८ ची, नेहरूंच्या ग्रंथावर बेतलेली, त्रेपन्न भाग. संगीत वनराज भाटिया यांचं. सुरुवातीला समूहस्वरात संस्कृत आणि मग हिंदी : 'सृष्टि से पहले सत नहीं था, असत भी नहीं'. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२९ वं, नासदीय सूक्त. हिंदी रूपांतर केलं वसंत देव यांनी, मराठी माणूस. लहानपणी मला एक अक्षर कळत नव्हतं. कळायचं एवढंच, की काहीतरी फार मोठं सुरू होतंय आणि खोलीतले मोठे लोकसुद्धा गप्प झालेत.

दरवर्षी आठवीच्या पहिल्या तासाला मी हे मोबाइलवरून स्पीकरला लावतो. पुस्तक उघडायचं नाही. ऐकून झालं की विचारतो, शेवटी काय म्हटलंय? सूक्ताच्या शेवटी येतं ते असं, की हे सगळं कसं झालं ते जो वर बसून बघतो त्याला माहीत असेल, किंवा त्यालाही नसेल. मुलं आधी हसतात. मग एखादा विचारतो, "सर, देवालापण माहीत नाही?" बस्स, तास सुरू झाला. इतिहास शिकायला लागतं ते एवढंच, की 'माहीत नाही' म्हणायची लाज वाटू नये. सरकारी वाहिनीवर दर आठवड्याला सगळ्या देशाला शंका ऐकवत होते, आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "हे पाठ्यक्रमात आहे का?" मी म्हटलं, "पाठ्यक्रमाच्या आधीचं आहे, सत आणि असत यांच्याही आधीचं." ते हसले, चहा पिऊन गेले.

तबलजी
@इतिहासाचातास, क्या बात! तुमच्यावरून एक लक्षात आलं. 'बीज अंकुरे' सुद्धा विचारतंच आहे की, माळरानातल्या खडकात बियाणं रुजावं कसं? उत्तर देऊन मोकळं होत नाही.

रानजाई
हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. ताळेबंदाच्या रात्री मीही तेच विचारत होते, फक्त खडकाऐवजी सस्पेन्स खातं होतं.

धावतीगाडी
शब्दच पाहिजेत असं कुठे आहे? 'मालगुडी डेज'. मी पळतो. अर्ध मॅरेथॉनमध्ये पंधरा-सोळा किलोमीटरनंतर पायांना अक्कल शिल्लक राहत नाही, तेव्हा कानात जोशपूर्ण गाणी लावली की उलट दम लवकर संपतो, कारण पाय गाण्याच्या मागे धावायला लागतात. 'ताना नाना ना' मात्र माझ्या दमाने चालतं. त्यात घाई नाही. बरोबर कुणीतरी गप्पा मारत चाललंय असं वाटतं.

ते एल. वैद्यनाथन यांचं. मालिका शंकर नाग यांची, कर्नाटकातल्या आगुंबे गावात चित्रित केलेली. मागच्या उन्हाळ्यात मुद्दाम तिकडे जाऊन पळून आलो. चढ भयंकर आहे.

अँटेना
'मालगुडी'च्या सुरुवातीची रेखाचित्रं आर. के. लक्ष्मण यांची. म्हणजे कथा थोरल्या भावाच्या, आर. के. नारायण यांच्या, चित्रं धाकट्याची.

तबलजी
भावांची जोडी संगीतातही आहे. वैद्यनाथन यांचे धाकटे भाऊ म्हणजे व्हायोलिनवाले एल. सुब्रमण्यम. 'सुरभि'चं शीर्षकसंगीत त्यांचं. एका घरातल्या दोघांनी आख्ख्या देशाच्या संध्याकाळी वाटून घेतल्या होत्या.

खडीसाखर
'सुरभि'!!! रेणुका शहाणे यांचं हसू आणि सिद्धार्थ काक यांच्यासमोरचा पोस्टकार्डांचा ढीग. मी पाठवलेलं कार्ड त्या ढिगात होतं, याचा पुरावा नाही पण माझी श्रद्धा आहे.

कोकमसरबत
यादीत 'एक चिड़िया, अनेक चिड़ियाँ' घ्या की. विजया मुळे यांची फिल्म, १९७४ ची, संगीत आपल्या कुडाळकडच्या वसंत देसाईंचं. ऑफिसात टीमवर्कवर पन्नास स्लाइड दाखवणाऱ्यांना मी ती पाठवते. जाळ्यासकट उडून जायचं, विषय संपला.

मधलीसुट्टी
हरकत! ते शीर्षकगीत नाही, लघुपट आहे. नियम म्हणजे नियम.

कोकमसरबत
तुमचा 'समय' तरी कुठे गाणं आहे?

शेवटचाबाक
बरं मग 'मिले सुर मेरा तुम्हारा' तरी चालेल का? १५ ऑगस्ट १९८८, भीमसेनजी, भैरवी, आणि पुन्हा पत्की. आमच्या घरी मराठी ओळ आली की सगळे जोरात म्हणायचे आणि तमिळ आली की नुसत्या माना हलवायच्या. शब्द कळले नाहीत म्हणून माना हलवणं थांबलं नाही, याला मी राष्ट्रीय एकात्मता मानतो.

ओटीवरचाआजोबा
धून हाच विषय असेल तर टीव्हीच्या आधी रेडिओला नमस्कार करा. आकाशवाणीची सकाळची धून वॉल्टर कॉफमन नावाच्या माणसाने १९३६ साली केली. युरोपात ज्यूंना जगणं कठीण झालं तेव्हा हा प्रागचा संगीतकार मुंबईत आला होता, आणि त्याने आपल्याला शिवरंजनी रागातली ही धून दिली. आपलं सगळं मागे टाकून आलेल्या माणसाने केलेल्या धुनेवर आम्ही आयुष्यभर दात घासले. धागा टीव्हीचा आहे, जाणतो, पण लिहिल्यावाचून राहवलं नाही.

वाळवण
आजोबा, असंच अवांतर लिहीत जा.

नवीनमेंबर०७
मी इथे सगळ्यांत लहान असेन. माझा जन्म यातल्या बऱ्याच मालिका संपल्यावरचा. लॉकडाउनमध्ये, मार्च २०२० च्या शेवटी, दूरदर्शनने रामायण आणि महाभारत पुन्हा लावलं तेव्हा पहिल्यांदा बघितलं. पावशेर काका म्हणतात तो रविवार माझ्याकडे नव्हता, सगळेच वार सारखे होते. तरी 'अथ श्री' सुरू झालं की आजीबरोबर मीही मोबाइल खाली ठेवायचो. म्हणजे काहीतरी असणार.

पण एक सांगू का? आमच्या पिढीला शीर्षकगीत ऐकू येतच नाही. ओटीटीवर 'स्किप इंट्रो'चं बटण असतं आणि बोट आपोआप तिथे जातं. टीव्हीवरसुद्धा आता दहा सेकंदांत आटोपतात. तुम्हाला ती गाणी आवडली म्हणून पाठ झाली, की पळवता येत नव्हती म्हणून?

पावशेर
नवीनमेंबर, शाब्बास. हा खरा प्रश्न. माझ्या बाजूने आहेस की विरुद्ध तेवढं कळू दे.

नवीनमेंबर०७
दोन्ही :)

अँटेना
रिमोटच नव्हता बाळा. उठून जाऊन खटका फिरवावा लागायचा, आणि फिरवून जायचं कुठे? पण पळवता येत नसलेल्या जाहिरातीही होत्याच. त्या सगळ्या नाही पाठ झाल्या. काही झाल्या, आणि त्याही चांगल्या चालीच्याच.

तबलजी
आवडणं आधी की पाठ होणं आधी, हा प्रश्न आमच्यात कुणी विचारत नाही. गुरुजी एकच पलटा महिनाभर घोटून घ्यायचे, आवडायची मुभाच नव्हती. मग एके दिवशी तो हातात बसायचा आणि आवडायला लागायचा. मात्र भिकार पलटा महिनाभर घोटला तरी भिकारच राहतो, हेही खरं.

थिसिसग्रस्त
कोकमसरबत, तुमच्या टोमण्यानंतर 'देख भाई देख'चं गाणं लावून बसलो आणि एक प्रकरण संपवलं. 'इस रंग बदलती दुनिया में क्या तेरा है क्या मेरा है'. माझ्या गाइडने माझं संशोधन स्वतःच्या नावावर टाकलंय, त्यामुळे तिसऱ्या प्रकरणाला फार समर्पक पडतं.

कोकमसरबत
अभिनंदन आणि सहानुभूती, दोन्ही घ्या. चौथं प्रकरण कुठल्या गाण्यावर?

थिसिसग्रस्त
'भय इथले संपत नाही'.

दूरदेशी
मेलबर्नहून. धागा उशिरा सापडला, एका बैठकीत वाचून काढला. ताईंच्या मूळ प्रश्नाला सरळ उत्तर : हो, वापरतो, आणि या महिन्यात तर फारच.

आम्ही पालक मिळून रविवारची मराठी शाळा चालवतो. मुलं आठ ते बारा वयाची, इथेच जन्मलेली. स्नेहसंमेलनाला दरवर्षी सिनेमाची गाणी होतात. या वेळी मी 'बीज अंकुरे' धरलं. पालकांनीच तोंडं वाकडी केली, 'मुलांना काय कळणार' म्हणून. मुलांना माळरान सांगायला त्रास पडलाच नाही. इथे शहराबाहेर गाडी काढली की उन्हाळ्यात करपलेलं गवत आणि खडक आहेतच. एक मुलगी तिथलाच एक दगड घेऊन आली. भेगेत हिरवा कोंब होता. "काकू, हेच ना?" तो दगड आता वर्गात टेबलावर आहे आणि त्याला पाणी कुणी घालायचं यावरून भांडणं होतात. पावशेर, यातल्या एकाही मुलाने 'गोट्या' बघितलेली नाही.

आता अडचण. मूळ गाण्याच्या पट्टीत म्हणायला घेतलं की निम्मी मुलं खाली पुटपुटतात, निम्मी वर किंचाळतात. तबलजी, काय करू?

पावशेर
दगडाचा पुरावा मान्य. 'भज्यांच्या वासाने' हे विधान मी चर्चेपुरतं मागे घेत नाही, पण बाजूला ठेवतो.

तबलजी
@दूरदेशी, ते पुरुषाच्या गळ्याचं गाणं आहे, ती पट्टी मुलांना बसणारच नाही. पेटीवर काळी चार (चौथी काळी पट्टी) धरून सुरुवात करा. सगळ्यांत वरचा सूर म्हणताना मुलांच्या माना वर जाऊ लागल्या की अर्धा सूर उतरवा. आवाजापेक्षा मानेवर लक्ष ठेवा. कराओके ट्रॅक शोधत बसू नका. मोबाइलवर तानपुरा लावा, एकजण पेटी, बाकीच्यांच्या टाळ्या. आणि पहिली ओळ सगळ्यांनी एकदम म्हणायची नाही. एकाच मुलाला द्या, दुसऱ्यांदा सगळे येऊ द्यात.

दूरदेशी
काळी चारला बसलं! पहिली ओळ त्या दगडवालीला दिली. फक्त एका मुलाचा आवाज फुटायला लागलाय. तो मधेच घोगरा होतो आणि बाकीचे हसतात. हिरमुसलाय बिचारा. त्याचं काय करू?

तबलजी
झांजा द्या त्याच्या हातात, लय त्याच्यावर सोपवा, म्हणजे हसणाऱ्यांना त्याच्या मागे यावं लागेल. गाऊ नको म्हणू नका, खालच्या सप्तकात हळू म्हणू दे. वर ओढू नको म्हणावं, घसा बसेल.